फुलीचं कार्ड

डबी एवढीशी होती. पानाच्या डब्याच्या निम्मीसुद्धा नाही. म्बाक किनांतीनं, म्हणजे किनांतीताईनं, ती पर्समधून काढून मेणाच्या कढईशेजारी फरशीवर ठेवली तेव्हा तुमिराला वाटलं, बाईनं जकार्ताहून काहीतरी तोंडाला लावायचं आणलं असेल. उघडली तर आत तळहाताएवढे कोरे कागद, वेगवेगळ्या रंगांची सहा स्केचपेनं आणि बोटाच्या पेरांएवढी कार्डं.

"खेळ आहे," किनांती म्हणाली. "चित्रांचा. पर्समध्ये मावतो, कुठंही बसून खेळता येतो. जकार्तात सगळे खेळतात."

"जकार्तात लोकांना कामं नसतात का गं?" वागियेम पुटपुटली. मालकिणीला ऐकू जाणार नाही आणि शेजारणीला नक्की ऐकू जाईल, एवढा आवाज तिला बरोबर काढता यायचा. चाळीस वर्षांची सवय.

किनांती ही थोरल्या मालकीणबाईंची सून. जावा बेटावरच्या सोलो शहराच्या लावेयान मोहल्ल्यातला हा बातिकचा कारखाना थोरल्या बु हार्तातींनी तीन पिढ्यांच्या पुण्याईवर चालवला. आता त्या खुर्चीत बसून असतात आणि सून चालवते. सून वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात. ही हसून बोलायची, सगळ्यांना गोड चहा द्यायची, आणि ज्या बाईचा हात थरथरला तिला हसूनच मागच्या हंड्यावर पाठवायची. हंडा म्हणजे उकळतं पाणी. रंगवलेलं कापड त्यात बुडवून मेण वितळवायचं, दिवसभर वाफेत उभं राहून. साठीची सुकिना तिथं गेली ती तीन महिन्यांत घरीच बसली.

म्हणून कढईभोवतीच्या बुटक्या स्टुलांवर बसलेली प्रत्येक बाई आपला हात, आपली मान, आपला खोकला सांभाळून असायची. आणि तुमिरा आपले डोळे.

तुमिराच्या डोळ्यांत मधोमध धूर होता. समोर बघितलं की माणसाचे कान दिसायचे, नाक नाही. नजर थोडी तिरकी केली की ते हरवलेलं नाक क्षणभर सापडायचं आणि पुन्हा धुरात जायचं. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली होती, हा मोतीबिंदू नाही आजी, हा काढता येत नाही. तुमिरानं ते ऐकलं, पदराच्या गाठीत बांधावं तसं बांधून ठेवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. एकेचाळीस वर्षं मेणाच्या धुरात डोळे घालून बसलेली बाई. धूर बाहेर होता तो आत गेला, एवढंच.

आणि आत्ताच तिच्यासमोर बांबूच्या दांड्यावर थोरल्यांच्या नातीच्या लग्नाचं कापड टांगलेलं होतं. नवरा-नवरीनं नेसायचं. बाह्यरेघा झाल्या होत्या, आतले ठिपके राहिले होते, आणि या घरात ठिपके म्हटलं की तुमिरा. थोरल्या स्वतः म्हणाल्या होत्या, "माझ्या लग्नात हिच्या आईचे ठिपके होते. नातीच्या लग्नात हिचे हवेत." ते कापड हातचं गेलं की तुमिराकडे उरायची ती दिराच्या घरातली मागची खोली आणि कुणीतरी पुढं सरकवलेलं ताट.

"नीट ऐका," किनांती सांगत होती. "मी एक शब्द ठरवणार. प्रत्येकीला एक कार्ड. पाच जणींच्या कार्डावर तो शब्द असेल. एकीच्या कार्डावर नुसती फुली. तिला शब्द माहीत नाही. ती लबाड. मग एकाच कागदावर प्रत्येकीनं एक रेघ काढायची. एकच, पेन न उचलता. दोन फेऱ्या. लबाडीणही काढणार, माहीत असल्यासारखी. शेवटी मी तीन म्हटलं की सगळ्यांनी लबाड वाटेल तिच्याकडे बोट करायचं."

"आणि लबाड सापडली तर?" सुपार्तीनं विचारलं.

"तर तिला एक संधी. शब्द काय होता ते ओळखलं तर तीच जिंकली."

"म्हणजे चोर पकडला आणि त्यानं पाकिटात काय आहे ते सांगितलं की पाकीट त्याचं," वागियेम म्हणाली. "कायदा कळला, मॅडम. आपल्याकडे चालतोच आहे."

सगळ्या खिदळल्या. किनांतीही हसली. "सराव करून ठेवा. पुढच्या महिन्यापासून पाहुणे येणार आहेत. परदेशी, जकार्ताचे. त्यांना नुसतं कापड बघायचं नसतं, तुमच्याबरोबर बसायचं असतं."

सहा जणी गोल बसल्या. तुमिरा, वागियेम, सुपार्ती, पलीकडच्या कढईवरच्या दोघी बहिणी, आणि सगळ्यांत धाकटी सेकार. एकवीस वर्षांची, जिभेनं आणि मेणानं दोन्हीकडून भाजलेली. किनांतीनं कार्डं वाटली. "विषय: प्राणी."

तुमिरानं कार्ड हातात घेतलं. धूर. तिरकं बघितलं. धुरात काहीतरी मुंगीसारखं होतं. वाचल्यासारखं करून, मान डोलावून तिनं ते मांडीखाली सारलं. घाबरलं तरी ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नसतं एवढं तर जावात जन्मलेल्या पोरालाही दूध पितापिता कळतं.

मग तिच्या ध्यानात आलं की कागद बघायची गरजच नाही.

वर्षानुवर्षं या बायकांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती ती. वागियेमचा उजवा खांदा वर गेला की गोलाई, कोपर बाहेर आलं की लांब शेपूट. सुपार्ती सरळ रेघेच्या आधी श्वास धरते. हात कसा हलला यावरून रेघ काय पडली ते तुमिराला पाठीमागूनही कळलं असतं. थोरल्या बहिणीचं मनगट छोटं, कुरळं हललं. तुरा. वागियेमचं कोपर बाहेर आलं. शेपूट. तुमिरानं जांभळं पेन घेतलं, डाव्या अंगठ्यानं कागदाची कड चाचपली आणि खाली दोन फाट्यांचा पाय काढला, एका रेघेत, पेन न उचलता.

"वा, यू मिरा," सुपार्ती आक्काला हाक मारावी तशी म्हणाली. "नखंसुद्धा दिसताहेत."

"आता बोटं दाखवा. एक, दोन, तीन!"

कुणीच बोट दाखवलं नाही. सोलोत माणसाकडे बोट कोण दाखवतं? बोट दाखवायचं कुत्र्याकडे. सगळ्यांनी चार बोटं मुठीत घेतली आणि उजवा अंगठा अदबीनं, ढोपराच्या उंचीवर, थोडा पुढं केला. सहा अंगठे. ते कुणाकडे होते हे खुद्द अंगठ्यांनाही सांगता आलं नसतं.

"असं नाही हो! नीट दाखवा. कोण ते कळायला हवं."

मग अंगठे हलले. एकेक करत सगळे सेकारकडे वळले.

"मी नाहीये!" सेकार ओरडली. "हे बघा, स्वच्छ लिहिलंय, कोंबडा! मीच का?"

"तू लहान आहेस म्हणून," वागियेमनं शांतपणे सांगितलं. "मोठ्यांकडे कसं दाखवणार? सुपार्तीला सासू आहे, दोघी बहिणी हजला जाऊन आल्यात, मिरा सगळ्यांत थोरली. उरलं कोण?"

"तू उरलीस की!"

"मला लाज वाटते गं माझ्याकडे कुणी दाखवलं की."

लबाड सुपार्ती होती. हसून हसून तिचा चहा सांडला. किनांतीनं कपाळावर हात मारला, पण मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. आणि तुमिरा त्या संध्याकाळी घरी जाताना वर्षभरात पहिल्यांदा ताठ चालत गेली. मला दिसत नाही आणि मी कोंबडा काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही.

पुढच्या शनिवारी 'झाड' होतं. पपई. तुमिरानं खोडावरचा एक व्रण काढला, पान गळून पडल्यावर राहतो तसा, आणि बायकांनी तोंडात बोटं घातली. अंगठे पुन्हा सेकारकडे. सेकारनं कार्ड फेकलं. "पुन्हा मी! घरी आई म्हणते तूच दूध उतू घालवलंस, इथं तुम्ही म्हणता तूच लबाड. मी उद्यापासून मशिदीसमोर पाटी घेऊन बसते, या, माझ्याकडे अंगठे दाखवा!"

"बसत जा. दोन वेळचं सुटेल," वागियेम म्हणाली.

एक गोष्ट तुमिराच्या डोक्यात आली नव्हती असं नाही. कधीतरी फुली आपल्याकडेही येणार. पण फुली आली काय आणि शब्द आला काय, धुरात दोन्ही सारखंच. ती दर वेळी लबाडच होती. तिनं स्वतःशी ठरवून टाकलं की आपल्याकडे शब्दच आहे असं धरून चालायचं. माणूस नाहीतरी असंच चालतो.

आणि काम? ते सुरू होतं. ती चांतिंग, ती बारीक तांब्याच्या नळीची लेखणी, कढईत बुडवायची, नळीवर फुंकर घालायची, मेण पातळ की घट्ट ते फुंकरीच्या आवाजावरून ऐकायची. डावा तळवा कापडाखाली. गरम ठिपका पडला की तळव्याला कळायचं, कुठं पडला ते. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा. दुपारपर्यंत हातभर कापड व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या खुर्चीतून उठून यायच्या, चष्मा लावून कापडाला नाक टेकवून बघायच्या आणि म्हणायच्या, "मिरा, तुझ्या हाताला देव बसलाय." तुमिरा मान खाली घालायची. असल्या वेळी मान खाली घालायची असते, आणि खाली घातलेली मान फार गोड लागते.

तिसरा शनिवार. पाऊस नव्हता, वारा नव्हता, कढईचा धूर पत्र्याखाली तसाच लोंबकळत होता. केळीच्या पानातला भात खाऊन झाला होता. किनांतीनं डबी उघडली. आज तिच्याबरोबर एक वहीही होती. पाहुण्यांसमोर कोण बसणार, कोण काय काढणार, त्याच्या टिपा.

"विषय: घरातली वस्तू."

कार्डं फिरली. तुमिरानं आपलं घेतलं, तिरकं बघितलं, मान डोलावली, मांडीखाली घातलं. पहिली रेघ सुपार्तीची, गोल. श्वास न धरता. वागियेमचा खांदा वर. अजून एक गोलाई, छोटी, वरच्या बाजूला. सेकारचं मनगट बाहेर वळलं, नळीसारखं काहीतरी. तुमिराला हसू फुटलं. हे काय ओळखायला हवं? तिनं जांभळ्या पेनानं वरून कमानदार कडी काढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

दोन फेऱ्या झाल्या. "एक, दोन, तीन."

अंगठे सेकारकडे. सेकारनं कार्ड उलटं केलं. शब्द होता.

"मग कोण?" किनांतीनं विचारलं. "लबाड कोण होतं? सांगा आता, संपला खेळ."

बाकीच्यांनी आपापली कार्डं मुठीत मिटली. तुमिराही वाट बघत होती. गंमत वाटत होती तिला.

"अहो, एकीकडे फुली आहे. मी स्वतः काढलीय."

"माझ्याकडे," वागियेम म्हणाली.

"माझ्याकडे आहे फुली," त्याच वेळी सुपार्ती म्हणाली.

आणि धाकटी बहीण, जी सगळ्या खेळात चार शब्दही बोलली नव्हती, तीही म्हणाली, "मी होते, म्बाक. चुकलं."

किनांती आधी हसली. "तिघी तिघी? फुली एक आहे हो!" मग तिचं हसू विझलं. तिनं तिघींकडे बघितलं. तिघी खाली बघत होत्या. ज्या घरात कुणी चोरी केली असं विचारल्यावर सगळेच हात वर करतात, त्या घरात एकच माणूस हात वर करत नसतो. किनांतीची नजर त्या एका माणसावर येऊन थांबली.

"बुडे मिरा," ती म्हणाली. मोठ्या मावशीला म्हणतात तसं, मऊ. "तुमचं कार्ड दाखवता?"

"माझ्याकडे शब्द आहे," तुमिरा म्हणाली आणि मांडीखालून कार्ड काढून, झोकात, सगळ्यांना दिसेल असं समोर धरलं.

वागियेमच्या तोंडून "अगं—" एवढंच निघालं.

"काय लिहिलंय, बुडे?"

"किटली. वाचता येतं हो मला. चौथीपर्यंत गेलेय."

कढईत मेण फुटत होतं, बुड् बुड्.

"शब्द किटलीच होता," किनांती म्हणाली. "पण तुमच्या कार्डावर किटली लिहिलेलं नाही."

खेळाच्या कायद्यानं तुमिरा जिंकली होती. लबाड होती, शब्द ओळखला होता. हे तिथं कुणाला आठवलंही नाही.

किनांती उठली. लग्नाच्या कापडाशी गेली. कापडाचं एक टोक उजेडात धरलं, मग दुसरं, मग आज सकाळपासून झालेलं. त्या हातभर भागावर ती बराच वेळ वाकून राहिली. "हे ठिपके," ती म्हणाली, "हे आजचे. रेघेच्या बाहेर गेलेत. इथं दोन एकावर एक. आणि हे कालचे. हे तर एकदम..." ती वळली. "हे कालचे कुणी काढले?"

"मिरानं," वागियेम म्हणाली.

"मिरानं," सुपार्ती म्हणाली.

"मी," तुमिरा म्हणाली.

"आम्ही!" सेकार उभी राहिली. तिचा चेहरा लालभडक झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाचं. "आम्ही काढतो! मी आणि बुडे वागी. रोज सकाळी ही यायच्या आधी तासभर. लोखंडी काडी तापवून हिचे ठिपके उचलतो आणि नवे घालतो. दीड वर्ष झालं! दीड वर्ष मी काळोखात सायकल मारत येतेय. वरून प्रत्येक शनिवारी लबाड कोण? सेकार! अंगठे कुणाकडे? सेकार! सगळ्यांना माहीत आहे कोण ते, पण तिच्याकडे दाखवायचं नाही, कारण ती थोरली. मग माझ्याकडे दाखवा, मी काय, मी पायपुसणं!"

"सेकार, बस खाली," वागियेम म्हणाली.

"नाही बसत!"

पण बसली. कारण वागियेम थोरली होती.

तुमिरानं कार्ड अजून धरलेलंच होतं. तिच्या डोळ्यांसमोर सगळ्यांचे कान होते. पाच जणींचे दहा कान, आणि मधे धूर. पाच जणींना माहीत होतं. पाच जणींच्या हातात शब्द होता, दीड वर्षं, आणि एकटी ती माहीत असल्यासारखी रेघा मारत बसली होती.

किनांती तुमिरावर ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. तिनं चहा मागवला.

फाटकापर्यंत वागियेम बरोबर आली. तुमिरानं तिचा हात झिडकारला, मग पायरी सापडेना तेव्हा पुन्हा धरला.

"कधीपासून कळलं तुला?"

"मागच्याच्या आधीच्या लेबारानला, रमजान ईदला. माझ्या घरी नमस्काराला आलीस आणि माझ्या जावेच्या पाया पडलीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला सांगितलंस?"

तुमिरा चालत राहिली. रस्त्यावर कुणीतरी सोयाबीनच्या टेंपेची भजी तळत होतं. "थोरल्या म्हणायच्या, हाताला देव बसलाय. कुणाच्या हाताला?"

"तुझ्यासारखेच काढले गं मी. जसेच्या तसे. तूच शिकवलेले."

"म्हणजे तुझेच."

"मिरा..."

"कोंबड्याचा पाय माझा होता ना? का तोही मागून नीट केलात?"

वागियेमनं उत्तर दिलं. दिलं ते खरं होतं. "पाय तुझा होता. कागदाच्या बाहेर, फरशीवर आला होता थोडा. सेकारनं पुसला."

लोकांना बातिक आवडतं. लग्नात नेसतात, भिंतीवर लावतात, भाषणं करतात, वारसा वारसा म्हणून गळा काढतात. कापडाला एक चिठ्ठी टाचलेली असते: हाताने काढलेले, अवधी चार महिने. कुणाच्या हाताने ते नसतं. कुणाच्या डोळ्यांनी हे तर कुणी विचारतही नाही. एक कापड होतं तेव्हा चार महिने नजर मेणात विरघळलेली असते आणि ती हंड्यात उकळून वर आलेल्या मेणाच्या गाळाबरोबर फेकली जाते. मेण तरी गाळून पुन्हा वापरतात.

किनांतीनं मेण वाया घालवलं नाही.

सोमवारी तिनं तुमिराला बोलावलं. हंड्यावर पाठवलं नाही. तेवढी ती निर्दय नव्हती, हे ती स्वतःच दोनदा म्हणाली. पुढच्या पडवीत, जिथं पाहुणे येतात, तिथं एक स्टूल मांडलं होतं. नवी कढई. बांबूच्या दांड्यावर जुनं, कधीच पूर्ण झालेलं एक कापड. "तुम्ही इथं बसायचं, बुडे. हातात चांतिंग धरायची. कढई पेटवायची नाही, धूर पाहुण्यांना सोसत नाही. तुमचा चेहरा... तुमच्या चेहऱ्यात काहीतरी आहे. बसा फक्त."

"मेण नाही?"

"मेण कशाला?"

"आणि लग्नाचं कापड?"

"वागी बुडे करतील." किनांती थांबली, आणि मग जे बोलली ते तिला खरोखर दिलासा वाटत होतं. "आईंना आपण नाही सांगायचं. त्या तुमचेच समजतील."

तुमिरानं नाही म्हणावं असं सेकारला वाटत होतं. तिनं तसं सांगितलंही, पाया पडून, माफी मागताना. "थुंका बुडे त्या स्टुलावर आणि घरी जा." पण घरी म्हणजे कुठं? घरी जाऊन थुंकायलाही दिराला विचारावं लागतं. तुमिरा बसली. नवी कबाया, लांब बाह्यांची चोळी, दिली होती, अंबाड्यात खोचायला खोटी चाफ्याची फुलं. पहिल्या दिवशी सवयीनं तिनं चांतिंग तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. आतून नुसती हवा गेली. दुसऱ्या दिवशी तिनं फुंकर घातली नाही. मग पाहुण्यांच्या बसमधला माणूस म्हणाला, ते फुंकण्याचं छान दिसत होतं, ते करायला सांगा. मग पुन्हा घालू लागली.

पाहुणे कापड बघायचे, फोटो काढायचे, आणि मग डबी निघायची. मागच्या पडवीतून वागियेम, सुपार्ती, सेकार हात पुसत यायच्या. गोल व्हायचा. तुमिराला जांभळं पेन. कार्ड यायचं, धूर यायचा. पाहुण्यांचे खांदे तिला अनोळखी होते, त्यांच्या हातात काही लिहिलेलं नव्हतं. ती नुसती रेघ काढायची, कुठंही. पाहुणे हसायचे. म्हातारी गोड आहे म्हणायचे. आणि तीन म्हटलं की वागियेम-सुपार्तीचे अंगठे सेकारकडे जायचे, ते बघून पाहुण्यांचेही कुठं कुठं जायचे, पण सगळ्यांत थोरल्या बाईकडे कुणाचाच जात नसे.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात एक बाई आली. गोरी, आडव्या अंगाची, मांडी घालून खाली बसताना दोघांना धरावं लागलेली. मोकळं हसणारी. विषय होता 'वाहन'. रेघा पडल्या. तुमिरानं आपली ओढली. तीन म्हटल्याबरोबर त्या बाईनं हात लांब केला आणि पहिलं बोट, सरळ, ताठ, तुमिराच्या छातीवर रोखलं. जांभळी रेघ चाकाला सोडून आभाळात गेली होती म्हणे.

सुपार्तीनं जीभ चावली. वागियेमचा अंगठा मुठीतच राहिला. सेकारनं मान दुसरीकडे वळवली.

ते बोट तुमिराला दिसलं नाही. पण गोल शांत झाला, कबायाच्या बाह्या सळसळायच्या थांबल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे तिला कळलं.

"बुडे," किनांती म्हणाली, "तुम्हाला पकडलं. आता एक संधी. चित्र काय आहे, ओळखा."

कागद तिच्या हातात दिला. तुमिरानं तो जवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. बाई उत्सुकतेनं पुढं वाकली होती, तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. तुमिरा तिच्या कानांकडे बघत बोलली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मला दिसत नाही. मी आंधळी आहे, बाई. हे कापड मी काढलेलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती ती हे. आरोग्य केंद्रातही बोलली नव्हती.

गोरी बाई किनांतीकडे वळली. काय म्हणाल्या?

किनांतीनं क्षणभरही घेतला नाही. गोड हसून तिनं त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. लांबलचक नव्हतं. पाहुणे खळखळून हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्या बाईनं पुढं होऊन तुमिराचा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

"काय सांगितलं तिनं?" तुमिरानं कुजबुजत विचारलं.

सेकारला त्यांची भाषा थोडी यायची. तिनं आधी वागियेमकडे बघितलं. वागियेमनं मान हलवली, नको म्हणून.

"सांग," तुमिरा म्हणाली. "आता तरी."

"म्हणाली, तुम्ही म्हणताय की पाहुण्या फार हुशार आहेत, तुम्ही हरलात."

टाळ्या थांबल्या. किनांतीनं कागद गोळा केले, पेनांची टोपणं लावली. "अजून एक डाव?" तिनं विचारलं, आणि पाहुणे हो म्हणाले. कार्डं वाटली गेली. तुमिराच्या हातात तिचं आलं. तिनं ते तिरकं धरून बघितलं, मान डोलावली आणि मांडीखाली घातलं.